खुनी कोण, हे गावाला ठाऊक असतं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या एखाद्या गावात खून झाला, की पोलिसांचा पंचनामा पुरा होण्याआधीच मारणाऱ्याचं नाव पारावर पोचलेलं असतं. बांध कुणी कोरला होता, विहिरीच्या पाळीवरून कोण कुणाच्या अंगावर गेलं होतं, सोसायटीच्या निवडणुकीत कुणाचं पॅनेल कुणी पाडलं होतं, हे सगळं गावाला तोंडपाठ असतं. ठाऊक नसतं ते पुढचं. साक्षीदार टिकेल की फितूर होईल, मुद्देमाल नीट सील झालाय का, जामीन कधी होईल आणि सुटून आलेला माणूस त्याच रस्त्यानं पुन्हा कधी दिसेल, याचाच घोर सगळ्यांना असतो.

अशा मुलखात रहस्यकथांच्या लांबलचक मालिका इतक्या आवडीनं का वाचल्या गेल्या, हा प्रश्न मला फार दिवस खुणावतो आहे. ‘खुनी कोण याची उत्सुकता’ हे त्याचं नेहमीचं उत्तर. हे उत्तर मला पटत नाही. ज्या वाचकाला रोजच्या आयुष्यात खुनी आधीच ठाऊक असतो, तो केवळ एक नाव कळावं म्हणून शेकडो पुस्तकं वाचणार नाही. शिवाय यातली बरीच पुस्तकं लोकांनी दोन-दोनदा वाचली आहेत, आणि दुसऱ्या खेपेला तर ती उत्सुकताही उरत नाही. माझ्या मते इथल्या वाचकाला त्या पुस्तकांतून मिळत होता तो निकाल. शेवटच्या पानापर्यंत गुन्ह्याचा हिशेब पुरा होतो आणि तो करणारा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा भेटायला येतो, या दोन गोष्टींची ती ओढ होती. मराठी रहस्यमालांची सगळी वाटचाल या दोन गोष्टींच्या उजेडात पाहिली, तर तिचं मोठेपण आणि तिच्या उणिवा दोन्ही नीट दिसतात.

सुरुवात बरीच मागे जाते. गो. ना. दातारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘कालिकामूर्ती’, ‘चतुर माधवराव’, ‘इंद्रभुवन गुहा’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. भुयारं, वाडे, हरवलेले वारस असा त्यांचा मालमसाला. रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज लेखकांचे सांगाडे घेऊन दातारांनी त्यांवर अस्सल मराठी शरीर चढवलं. पण दातारांचा वाचक पुस्तकाकडे जायचा, पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या एका माणसाकडे नव्हे. ती सवय महाराष्ट्राला लावली बाबूराव अर्नाळकरांनी.

अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, निधन १९९६. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत आणि त्या आकड्याची गिनीज बुकानंही दखल घेतली. झुंजार, काळा पहाड, धनंजय, दर्यासारंग ही त्यांची माणसं. एका लेखकानं एकाच वेळी इतके नायक हाताशी ठेवावेत यात मोठं व्यवहारज्ञान होतं. झुंजार आवडणारा आणि धनंजय आवडणारा वाचक एकच असेल असं नाही, पण दोघंही दुकानात एकाच लेखकाचं नाव घेत. झुंजारला विजया होती, धनंजयला छोटू होता. या जोड्या वाचकाला घरातल्या माणसांइतक्या परिचयाच्या झाल्या. पुस्तक उघडलं की ओळख करून घ्यायची गरज नाही, थेट कामाला लागायचं. साठ-सत्तर पानांच्या चोपडीत ही सोय किती मोलाची, हे एका बैठकीत पुस्तक संपवणाऱ्यालाच कळेल.

आता ही पुस्तकं सह्याद्रीच्या या बाजूला आली कशी, ते पाहू. मुंबईच्या गिरण्यांत कोकणासारखाच साताऱ्याचाही माणूस होता. पाटण, कऱ्हाड, खटाव, शिराळा या भागांतली गडी माणसं लालबाग-परळच्या खोल्यांत दहा-पंधराच्या संख्येनं राहत, खाणावळीत जेवत आणि पाळी सुटली की वाचत. बंदरातल्या आणि बाजारातल्या माथाडींतही हाच मुलूख भरलेला. त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. सुगीला किंवा जत्रेला गावी येताना या माणसांच्या ट्रंकेत धोतरजोडी आणि मिठाईच्या पुड्याबरोबर दोन-चार चोपड्या असत. अर्नाळकरांची मुंबई, तिच्यातल्या मोटारी, बंगले, गोदीवरचे चोरटे व्यवहार, हे सगळं गावातल्या पोरांना अशा रीतीनं कळलं. ज्या शहरात बाप राबत होता त्या शहराचं दुसरं चित्र मुलगा चिमणीच्या उजेडात वाचत होता.

वाचता येणारी पोरंही तेव्हाच गावोगाव तयार होत होती, हे विसरून चालणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहांतून आणि व्हॉलंटरी शाळांतून पहिल्यांदाच अक्षर ओळखणारी पिढी उभी राहिली. दुसरीकडे किर्लोस्करवाडीहून १९२० पासून ‘किर्लोस्कर’, १९३० पासून ‘स्त्री’ आणि १९३४ पासून ‘मनोहर’ निघत होती. एका माळरानावरच्या कारखान्याच्या वसाहतीतून महाराष्ट्रभर जाणारी ही मासिकं सुशिक्षित मध्यमवर्गाची. नव्यानं साक्षर झालेल्या शेतकऱ्याच्या पोराला त्यांतल्या निबंधांत शिरायला वेळ लागला. त्याला आधी काळा पहाड भेटला. छोटी वाक्यं, भरपूर संवाद, प्रत्येक पानावर काहीतरी घडणारं. वाचनाचा दम वाढवायला यासारखी तालीम नाही. माध्यमिक शाळेत पाठ्यपुस्तकाच्या आत झुंजार लपवून वाचणारी किती पोरं पुढं मास्तर, तलाठी, फौजदार झाली, याची नोंद कुणी ठेवली नाही. पण या भागातल्या साठ-सत्तरीच्या कुठल्याही वाचत्या माणसाला विचारा, सुरुवात कुठून झाली हे तो सांगेल.

मग आल्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्या. सार्वजनिक वाचनालयं जुनीच होती. सांगलीचं नगर वाचनालय तर १८६९ चं. पण रहस्यमालांचा खरा संसार चालला तो पेठेतल्या एका गाळ्यात, अनामत आणि महिन्याची वर्गणी घेऊन पुस्तकं फिरवणाऱ्या खासगी लायब्ऱ्यांत. तिथली एखादी प्रत जरा हातात धरून पाहिली तर सगळी गोष्ट कळते. मूळचं पातळ वेष्टण काढून पुठ्ठ्याची बांधणी केलेली, वेष्टणावरचं पिस्तूल आणि बाईचा घाबरलेला चेहरा कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पाठीवर शाईनं नंबर. आतल्या पहिल्या पानावर लायब्ररीचा शिक्का, तारखांची उभी रांग. कडांना बोटांनी आलेला काळपट तेलकटपणा, कारण पुस्तक दुकानाच्या गल्ल्यावरून स्वयंपाकघरात आणि तिथून पुन्हा माडीवर गेलेलं. मधल्या एखाद्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, ‘खुनी मामाच आहे’. आणि तरीही पुढच्या तारखा पडतच गेलेल्या असतात. ज्या वाचकानं ती ओळ वाचली त्यानं पुस्तक अर्धवट परत केलं नाही, शेवटपर्यंत वाचलं. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

या लायब्ऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक बायका होत्या, हेही सांगायला हवं. त्या स्वतः दुकानात क्वचित येत. पोराच्या हाती पिशवी आणि चिठ्ठी देत, आणि चिठ्ठीत लेखकाचं नव्हे, नायकाचं नाव असे. दुकानदाराला घराघराची आवड पाठ असे आणि ‘हे वहिनींचं वाचून झालंय’ म्हणून तो दुसरं काढून देई.

आता मुलखाच्या स्वभावाकडे वळतो, कारण माझ्या मते खरी किल्ली तिथं आहे. अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे सरळ पोलीस नव्हेत. कायद्याच्या कुंपणावर उभी राहिलेली, पोलिसांना हवी असलेली आणि तरी दुष्टांचा कर्दनकाळ ठरणारी ही माणसं. मुंबईच्या वाचकाला ती इंग्रजी थाटाची साहसी पात्रं वाटली असतील. वारणेच्या आणि कृष्णेच्या काठच्या वाचकाला ती ओळखीची होती. बंडखोराच्या बाजूनं गोष्ट सांगायची रीत इथल्या पोवाड्यांत आणि वगांत मुरलेली. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ आणि ‘वारणेचा वाघ’ लिहिताना हीच रीत कादंबरीत आणली. पुढच्या काळात बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांची गोष्टही लोकांनी याच चालीवर सांगितली. कायद्यानं गुन्हेगार आणि लोकांच्या लेखी न्याय करणारा, असा माणूस इथल्या कल्पनेत आधीच बसलेला होता. अर्नाळकरांनी त्याला कोट-टाय आणि मोटार दिली.

त्याला एक ताजा अनुभवही जोडून होता. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा त्याच साताऱ्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या प्रतिसरकारनं ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे लुटली, १९४४ मध्ये धुळ्याचा खजिना लुटला. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. या धाडसांच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात. पण प्रतिसरकारचं रोजचं काम होतं ते न्यायदानाचं. गावोगावची न्यायमंडळं बसत, सावकार, दरोडेखोर, बायकांना छळणारे यांच्यावरचे खटले तिथं उभे राहत, साक्षी होत आणि निकाल लागे, तोही गावासमोर आणि लगेच. त्यातल्या शिक्षांचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. पण ज्या गावांनी असा निकाल डोळ्यांनी पाहिला होता, त्या गावांना पुढच्या काळातल्या तारखा, वकील, फितुरी हे सगळं फार जड गेलं. रहस्यमालांचा भरभराटीचा काळ नेमका त्यानंतरचा. ही दोन टोकं कुणी कागदावर जोडून दाखवलेली नाहीत, पण माझ्या मनात ती पक्की जोडली गेली आहेत.

सत्तरच्या दशकात सूत्रं गुरुनाथ नाईकांकडे गेली. नाईक मूळचे गोव्याचे, सत्तरी तालुक्यातले. त्यांनीही हजाराचा आकडा ओलांडला. त्यांचे नायक पाहा: कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले, उदयसिंह राठोड, सूरज. कुंपणावरचा नायक जाऊन गणवेशातला नायक आला. १९६५ आणि १९७१ ची युद्धं मधे होऊन गेली होती. शत्रू आता शहरातला ठक राहिला नव्हता, तो सीमेपलीकडून येणारा हेर झाला होता. साताऱ्याच्या बाजूला या बदलाचं स्वागत झालं नसतं तरच नवल. अपशिंगे या गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात, कारण तिथल्या घराघरातून माणूस फौजेत गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे शेहेचाळीस जवान कामी आले. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झालं. अशा जिल्ह्यात नायकाचा हुद्दा मेजर आणि आडनाव भोसले असणं, ही वाचकाच्या काळजाला हात घालणारी गोष्ट होती. रजेवर आलेला जवान एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर मेजर भोसल्यांचं पुस्तक विकत घेई आणि परत जाताना पलटणीत नेई. गोष्ट पठाणकोटच्या बराकीत पोचे, पुढं हातोहात फिरे.

नाईकांच्या लेखनाचा वेग अफाट होता, आणि त्याची किंमतही पुस्तकांनी मोजली. अनेक कादंबऱ्यांत कथानकाची वीण सैल आहे, योगायोगांवर भार आहे, शेवट घाईत उरकलेला आहे. अर्नाळकरांतही उसनवारी भरपूर आहे. एडगर वॉलेसच्या काळातल्या इंग्रजी कथांचा वास जाता जात नाही. हे मान्य करूनच पुढं गेलं पाहिजे. पण या उणिवा दाखवून समीक्षकांनी अख्खा प्रांतच वाऱ्यावर सोडला, हे मला कधीच पटलेलं नाही. कऱ्हाडला १९७५ मध्ये दुर्गा भागवतांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, सांगलीला २००८ मध्ये म. द. हातकणंगलेकरांच्या. अध्यक्ष दोन्ही वेळी तोलामोलाचे. पण मांडवाबाहेरच्या स्टॉलवर उभा असलेला जो वाचक होता, त्याला वाचक बनवणाऱ्या माणसाचं स्थान मांडवात कधी झालं नाही. अर्नाळकर संमेलनाध्यक्ष झाले नाहीत, आणि त्यांना तो मान द्यावा असं गंभीरपणे म्हणणारेही फार निघाले नाहीत. मराठी साहित्यव्यवहारानं आपल्याच वाचकावर केलेला हा अन्याय आहे.

सुहास शिरवळकरांनी मालिकेला वेगळं वळण दिलं. १९४८ ते २००३ हा त्यांचा काळ. फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे त्यांचे मालिकानायक. यांतला अमर विश्वास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो गोष्ट कोर्टात नेतो. अमेरिकेत अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या पेरी मेसननं ऐंशीवर कादंबऱ्यांत हेच केलं होतं. उलटतपासणीत साक्षीदार कोसळतो आणि सत्य भर न्यायालयात बाहेर येतं. प्रत्यक्ष कोर्टात असं क्वचितच घडतं, हे खटल्याच्या तारखेला सातारच्या किंवा सांगलीच्या आवारात दिवस काढलेला कुणीही सांगेल. जो साक्षीदार बाहेर सगळं बोलतो तोच पिंजऱ्यात ‘आठवत नाही’ म्हणतो. म्हणूनच अमर विश्वासची उलटतपासणी इथं तहानल्यासारखी वाचली गेली. पुढं शिरवळकर ‘दुनियादारी’सारख्या कादंबऱ्यांकडे वळले, कॉलेजमधल्या पोरांचे लाडके झाले, आणि त्यांच्या रहस्यमाला मागं पडल्या. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजपासून यशवंतराव चव्हाण कॉलेजपर्यंत वसतिगृहांत ज्यांनी ‘दुनियादारी’ वाचली, त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याच लेखकाचा फिरोज इराणी ठाऊकही नव्हता.

बाबा कदमांचं नाव इथं घ्यायलाच हवं, जरी ते मालिकेचे लेखक नव्हते. कोल्हापूरचे वकील, पोलीस आणि कोर्ट जवळून पाहिलेले. त्यांच्या कादंबऱ्यांत हा दक्षिण महाराष्ट्र आपल्या खऱ्या रंगात येतो: इनामदार, शिकार, पाटलांचे वाडे, फौजदारी वकील. एखादा नायक पुस्तकामागून पुस्तक परत येतो म्हणून वाचक त्यांच्याकडे गेले नाहीत. मुलूख परत येत होता म्हणून गेले. ही गोष्ट मला फार सूचक वाटते. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर यांच्याकडे परतणारा माणूस होता पण गाव नव्हतं. कदमांकडे गाव होतं पण परतणारा माणूस नव्हता. दोन्ही एकत्र आले असते तर काय झालं असतं!

जगात हे कसं झालं ते थोडक्यात पाहू. कॉनन डॉयलनं १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं आणि वाचकांच्या हट्टापायी १९०३ मध्ये त्याला जिवंत करून परत आणलं. लेखकाला कंटाळा आला तरी वाचकाला येत नाही, हे तिथंच सिद्ध झालं. आपल्याकडे भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला आणि अनेक घरांत तो मराठीच मानला गेला. अगाथा ख्रिस्तीचा पॉयरो १९२० मध्ये आला तेव्हाच नोकरीतून निवृत्त झालेला होता, आणि पुढं पन्नास वर्षं तो निवृत्तच राहिला. त्याच्यासाठी घड्याळ थांबलं. आपले झुंजार आणि कॅप्टन दीप याच जातीचे, वय न वाढणारे.

उलट, शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी १९३२ मध्ये तरुण म्हणून येतो, एका प्रकरणातल्या सत्यवतीशी लग्न करतो, त्याला मुलगा होतो, फाळणीच्या आसपासचं कलकत्ता त्याच्याभोवती बदलतं, आणि अखेरीस तो घर बांधायच्या गोष्टी करू लागतो. शरदिंदु १९५२ पासून पुण्यात राहायला होते आणि उत्तरार्धातला बराचसा ब्योमकेश त्यांनी पुण्यात बसून लिहिला. शिवाजी महाराजांच्या फौजेतल्या सदाशिव नावाच्या पोरावरच्या त्यांच्या बंगाली कथाही आहेत. म्हणजे वय वाढणारा सत्यान्वेषी आमच्या घाटाच्या तोंडाशी घडत होता आणि मराठी रहस्यमालेला त्याचा वारा लागला नाही. स्वीडनच्या मे श्योवाल आणि पेर व्हाले या जोडप्यानं १९६५ ते १९७५ मध्ये मार्टिन बेकच्या बरोबर दहा कादंबऱ्या लिहिल्या. एका पोलिसाच्या आयुष्यातून त्यांनी अख्ख्या देशाचा पंचनामा केला. दीर्घ मालिकेची खरी ताकद इथं आहे. एका पुस्तकात गुन्हा सुटतो, दहा पुस्तकांत समाज उलगडतो. मराठीत हजारांनी पुस्तकं झाली, पण हे घडलं नाही. नायकाचे केस पिकले नाहीत, त्याची बदली झाली नाही, त्याला कुठल्या जुन्या खटल्याचं ओझं बाळगावं लागलं नाही.

बायका वाचक म्हणून एवढ्या, पण पात्र म्हणून बहुतेक ठिकाणी पळवून नेण्याजोग्या किंवा फसवणाऱ्या, हीदेखील मोठी उणीव. विजयासारख्या साथीदारिणीला मान आहे, निर्णय मात्र क्वचित.

ऐंशीच्या दशकात घसरण लागली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि ट्रंकेतून येणारी पुस्तकं थांबली, कारण आता माणूसच रिकाम्या हातानं परतला. गावात दूरदर्शनचा अँटेना आला, मग व्हिडिओ. लायब्ऱ्यांनी पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तकं वजनावर काढली आणि गाळ्यात एस.टी.डी. बूथ बसला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातले ग्रंथ भिजले तेव्हा सगळे हळहळले, ते योग्यच. रहस्यमाला तोवर कधीच रद्दीत गेल्या होत्या आणि त्यासाठी कुणी हळहळलं नव्हतं. आज अर्नाळकरांची निवडक पुस्तकं पुन्हा छापली जातात, शिरवळकर मिळतात, पण बाकीचं फार मोठं भांडार काही जुन्या संग्राहकांच्या माळ्यावरच आहे. नगर वाचनालयांनी आणि विद्यापीठांनी ते अजूनही गोळा करायला हवं. दहा वर्षांनी हात लागताच त्या कागदाचा चुरा होईल.

ओढ मात्र संपली नाही, तिनं घर बदललं. २१ जानेवारी १९९८ ला टीव्हीवर ‘सीआयडी’ ही मालिका सुरू झाली आणि २०१८ पर्यंत तिचे दीड हजारांवर भाग झाले. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न हिंदीत बोलला तरी इथल्या घरांनी त्याला आपलाच मानलं. जेवणाच्या ताटापुढं, ठरल्या वेळी, तीच माणसं आणि त्याच लकबी. गुन्हा काय होता हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नसे. झुंजारची सवय जशीच्या तशी पडद्यावर गेली होती.

त्यानंतर २०२० मध्ये ‘देवमाणूस’ आली. साताऱ्याची बोली, साताऱ्याची माती आणि गावाचा विश्वास कमावलेला डॉक्टर. ती वाई-धोमच्या २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या खून प्रकरणावर बेतल्याची चर्चा तेव्हा सगळीकडे होती. या मालिकेत खुनी कोण, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो सापडणार कधी, एवढ्यासाठी लोक रोज रात्री बसत होते. निकालाची ओढ मी म्हणतो ती हीच. पण प्रत्यक्ष प्रकरण माझ्या म्हणण्याला छेद देतं, हेही सांगतो. तिथं पोलिसांच्या आरोपानुसार अनेक वर्षांत माणसं बेपत्ता होत गेली आणि आसपासच्या लोकांना त्यांचा एकमेकांशी संबंध लागला नाही. सगळं ठाऊक असलेल्या मुलखालाही कधी काही ठाऊक नसतं, आणि तिथंच खऱ्या शोधकथेला जागा आहे. ती जागा टीव्हीनं भरली, कादंबरीनं नाही. आता ऐकायच्या ॲपवर मराठी थरारकथांच्या मालिका येतात, त्यांत काही चांगल्या आहेत. पण त्याही बहुतेक मुंबई-पुण्याच्या.

मला हवी आहे ती दहा पुस्तकांची मालिका, इथल्या एका अधिकाऱ्याची. पोलिसाची बदली होतेच, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला नवा तालुका आपोआप मिळतो. पहिलं जतमध्ये, टँकरच्या दिवसांत. दुसरं शिराळ्याला, वारणेच्या धरणाच्या कडेला, जिथं उठवलेल्या गावांचे जमिनीचे कागद अजून भांडतात. तिसरं गळीत हंगामात, कारखान्याच्या गेटवर ऊसतोडणीच्या टोळ्यांचा मुकादम नाहीसा होतो तेव्हा. स्थानिक गुन्हे शाखेतली, म्हणजे एलसीबीतली, माणसं, ठाणे अंमलदार, रात्रपाळीचा चहा, कुणाच्या तरी फोनमुळे थांबणारा तपास, हे सगळं जसं आहे तसं. ती अधिकारी बाई असली तर आणखी चांगलं; रयतच्या शाळेत शिकलेली, अकादमीत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा निघालेली. तिच्या हाताखालच्या हवालदाराच्या तोंडी शेवटपर्यंत ‘तीनशे दोन’च असावं, जरी १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम एकशे तीन झालं असलं. पहिल्या पुस्तकातला साक्षीदार फितूर व्हावा आणि आरोपी सुटावा. तिनं बदलीच्या ठिकाणीही त्या फाईलची झेरॉक्स जवळ ठेवावी. अपील चौथ्या पुस्तकात लागावं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं जातात, तेव्हा फिर्यादीची म्हातारी आईही सकाळच्या एस.टी.नं जाऊन संध्याकाळपर्यंत परत येऊ शकेल.